शिक्षा संपते केव्हा?

'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' ही म्हण आपल्या वऱ्हाडात पोरासोरांनाही ठाऊक आहे. एकदा तुरुंगात जाऊन आलेला माणूस पुन्हा चोरीत सापडला, की पारावर, बाजारात, एस.टी.च्या गाडीत ही म्हण हटकून निघते. आणि ती एकदा निघाली की बोलणारा व ऐकणारा दोघेही मोकळे होतात. जणू निकाल लागला! पण सज्जनहो, म्हणीने निकाल लागत नसतो. ज्याच्याविषयी आपण ती म्हण वापरली तो माणूस आज ना उद्या सुटणार असतो, आणि सुटल्यावर तो कुठे परमुलखात जात नाही. अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहाच्या दारातून बाहेर पडलेला इसम दर्यापूरची गाडी धरतो, नाही तर बडनेऱ्याहून मूर्तिजापूर-अकोल्याकडे जातो. आपल्याच गावच्या बाजारात तो पुन्हा उभा राहतो. म्हणून वारंवार गुन्हा करणाऱ्याशी समाजाने वागावे कसे, हा प्रश्न एकट्या न्यायाधीशाचा किंवा फौजदाराचा नाही. तो तुमचा-आमचा आहे. त्याचाच थोडा विचार येथे करू.

प्रथम, ज्याचे नुकसान झाले त्याची बाजू ऐकली पाहिजे. दया, क्षमा, सुधारणा हे शब्द फार गोड आहेत. पण ज्याच्या घरात चोरी झाली नाही त्याच्या तोंडी ते अधिक गोड लागतात. वावरातल्या विहिरीवरची मोटर गेली, तिची केबल कापून नेली, की कास्तकाराचे एक ओलीत बुडते. संत्र्याचा बगीचा रात्रीतून तोडून नेला, की सालभराची मेहनत गेली. एखाद्या विधवेच्या दोन बकऱ्या गेल्या, तर तिचा सारा संसारच गेला म्हणायचा. असा माणूस विचारील, "माही मोटर दोन सालात तीन डाव गेली. तुमी मले चोरावर दया करा म्हणता. माह्यावर दया कोण करते, सांगा बरं?" या प्रश्नाला उत्तर न देता जो सुधारणेची गोष्ट बोलतो, त्याचे बोलणे पोकळ आहे. चोराची बाजू घेणे म्हणजे चोरी झालेल्याची बाजू सोडणे, असे होता कामा नये. दंड हवाच. दंड नसेल तर दुबळ्याचे काहीच त्याचे राहणार नाही. धटिंगण सगळे उचलून नेईल. राज्य म्हणून जी संस्था आहे ती निदान एवढ्यासाठी तरी आहे.

तेव्हा दंड असावा की नसावा, हा वाद नाही. वाद आहे तो दंडाने काय साधायचे याचा. याची तीन उत्तरे लोक देतात. कोणी म्हणतो, दंडाने जरब बसावी. एकाला झाली की दहा जण सावध व्हावेत. कोणी म्हणतो, केल्याची फेड व्हावी. जेवढे केले तेवढे भोगावे. आणि कोणी म्हणतो, माणूस सुधारावा. तिन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत. परंतु माणूस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सापडला की आपण पहिलीच तेवढी धरून बसतो, आणि म्हणतो, "याला मागची शिक्षा कमी पडली; आता दुप्पट द्या." हे खरे आहे काय? शिक्षा वाढवली की जरब वाढते काय?

याचा अनुभव जगाने घेतलेला आहे. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशीची शिक्षा होती. बारा पेन्सांहून अधिक किमतीचा माल खिशातून मारला तरी १८०८ सालापर्यंत कायद्याने फाशी होती. मग काय खिसेकापू संपले? उलट झाले असे, की पंचांनाच ती शिक्षा देववेना. ते चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम कमी धरू लागले, किंवा आरोपीला सोडून देऊ लागले. शिक्षा जितकी भयंकर, तितकी ती मिळण्याची खात्री कमी! बेकारिया नावाच्या इटालियन विचारवंताने १७६४ सालीच हे सांगून ठेवले होते, की गुन्हा थांबतो तो शिक्षेच्या क्रूरपणाने नव्हे. शिक्षा चुकणार नाही या खात्रीने थांबतो. आपल्याकडचा शाळामास्तरसुद्धा हे जाणतो. जो मास्तर दहा वेळा दुर्लक्ष करून अकराव्या वेळी हाड मोडेस्तोवर मारतो, त्याच्या वर्गात शिस्त नसते.

अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे आहे. तेथे १९९४ साली कायदा झाला, की मागे दोन गंभीर गुन्हे नावावर असलेल्याने तिसरा मोठा गुन्हा केला, तर पंचवीस वर्षे ते जन्मठेप. या कायद्याखाली एका माणसाने १९९५ साली दोन दुकानांतून नऊ चित्रफिती चोरल्या. किंमत सुमारे दीडशे डॉलर. त्याला पंचवीस वर्षे ते जन्मठेप अशा दोन शिक्षा एकीमागून एक झाल्या, आणि २००३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका मताच्या फरकाने त्या कायम केल्या. पुढे २०१२ साली त्याच राज्यातील लोकांनी मतदान करून कायदा सौम्य केला. तिसरा गुन्हाही गंभीर किंवा हिंसेचा असला तरच सहसा एवढी शिक्षा, असे ठरवले. लोकांना चोरांचा पुळका आला होता असे नव्हे. किरकोळ चोराला जन्मभर सरकारी खर्चाने पोसण्यात ना न्याय आहे ना शहाणपण, एवढे त्यांना कळले.

पण दूर कशाला जा? आपल्याच देशात हा प्रयोग याहून कठोरपणे होऊन गेला आहे, आणि त्याचे वळ आपल्या वऱ्हाडच्या पाठीवर अजून आहेत. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी तो उत्तरेकडे लावला, आणि १९११ साली सुधारून साऱ्या देशात लावता येईल असा केला. १९२४ साली तो पुन्हा नव्याने मांडला. त्यात काय होते? अमुक जमातीत जन्मला म्हणजे तो संशयित. त्याच्या बोटांचे ठसे घ्यायचे, त्याने हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. कुटुंबेच्या कुटुंबे तारेच्या कुंपणाआड वसाहतींत ठेवायची. आणि वारंवार गुन्हा करणाऱ्याविषयी तर त्यात स्पष्ट कलम होते: अशा जमातीच्या माणसाला ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षे, आणि तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप. आणखी किती जरब हवी? जरबेने माणूस सुधारत असता, तर त्या कायद्याखाली राहिलेल्या बेड्यांवर पुढे चोरीचे नाव निघायला नको होते. परंतु तसे झाले नाही. ऐंशी वर्षे तो कायदा चालला आणि शेवटी तो निरुपयोगी व अन्यायाचा म्हणून स्वतंत्र भारताच्या सरकारने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. त्या जमातींना तेव्हापासून विमुक्त म्हणतात.

ही जरब का फसली, याचे उत्तर फार सोपे आहे. पण ते आपल्या लक्षात येत नाही. भीती काम केव्हा करते? वाईट केले तर मार, आणि नाही केले तर सुख, असा फरक असेल तेव्हा. बैलालासुद्धा पराणी टोचून आपण हाकतो, ते तो चालला की टोचणे थांबते म्हणून. चालला तरी टोचले आणि थांबला तरी टोचले, तर बैल काय करील? एक तर बसेल, नाही तर शिंग उगारील. फासेपारध्याच्या बेड्यावर जन्मलेल्या पोराच्या जागी स्वतःला उभे करून पाहा. पंचक्रोशीत कुठे घर फुटले, की रात्री गाडी बेड्यावर येते. कोण हाती लागेल त्याला नेतात. तो मनाशी म्हणेल, "चोरी केली तरी मार, नाही केली तरी मार. मंग नाही करून मले काय भेटते?" या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर नसेल, तर आपली सारी जरब वाया गेली असे समजावे. कारण जो निर्दोष राहिला त्यालाही शिक्षा होत असेल, तर निर्दोष राहण्याचे कारणच आपण काढून घेतले.

आपल्याकडे म्हणतात, एकदा कानफाट्या नाव पडले की पडले. फासेपारधी हे नावच मुळी फाशावरून आले. तितर, लावे, हरणे फाशात धरणे हा त्यांचा धंदा. पिकाचा नाश करणारी जनावरे धरून देणारा पारधी एके काळी कास्तकाराला हवासा होता. पुढे जंगलाचे कायदे आले. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. वन्य जीव वाचले पाहिजेत यात वाद नाही. पण ज्याचा धंदा कायद्याने बंद केला, त्याच्या हाती दुसरा धंदा द्यायचे मात्र राहून गेले. जमीन नाही, जातीचा दाखला मिळवायला कागद नाही, आणि कामावर ठेवायला कोणी तयार नाही. वाणी उधार देत नाही, पाटील सालदार ठेवत नाही, का, तर "त्याईचा काय भरोसा?" मग पोट भरायचे कसे, हे त्याला कोणी विचारत नाही. भुकेने केलेली चोरी चोरीच असते. तिला पुण्य म्हणता येत नाही. परंतु आपण माणसाच्या सगळ्या वाटा बुजवून एकच उघडी ठेवावी, आणि तो त्या वाटेने गेला की म्हणावे, पीळ जात नाही, यात प्रामाणिकपणा नाही.

कायदा मात्र हळूहळू का होईना, शहाणा होत आला आहे, हेही सांगितले पाहिजे. १९५२ साली जुना कायदा गेला तेव्हा वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला. मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्याचा कटाक्ष जन्मावर नव्हता. ज्याला खुद्द वारंवार शिक्षा झाली त्याच्यावर होता. तत्त्व म्हणून हा मोठा फरक आहे. परंतु कागदावरचा फरक ठाण्यापर्यंत पोचायला फार वेळ लागतो. तुरुंगांच्या नियमपुस्तकांत तर जन्मावरून सराईत ठरवण्याची भाषा कित्येक राज्यांत चालूच होती. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल देऊन तुरुंगातील जातिभेदाचे असे नियम रद्द केले, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक करू नये, असे पोलिसांनाही बजावले. कायदा रद्द झाल्यावर बहात्तर वर्षांनी हे बजावावे लागले! नाव एकदा पडले की ते पुसायला किती काळ लागतो, याचा हा दाखला.

येथे कोणी म्हणेल, "हे सगळे पारध्यांपुरते झाले. पण दुसरे सराईत चोर काय कमी आहेत?" अगदी खरे. कोणत्याही जातीचा माणूस असो, दोनदा सापडला की त्याचे नाव रेकॉर्डवर चढते, आणि तेथून त्याचे आयुष्य बेड्यावरच्या पोरासारखेच होते. कोठे काही झाले की प्रथम तो. यात त्याच्यावर अन्याय होतो तो होतोच. पण ज्याची मोटर गेली त्या कास्तकाराचाही घात होतो. कसा, तो पाहा. ओळखीचा चोर धरणे सोपे असते. खरा चोर शोधणे कष्टाचे असते. रेकॉर्डवरचा माणूस धरून आणला की तपास झाल्यासारखा वाटतो. इकडे मोटर विकत घेणारा भंगारवाला, तांब्याची तार वितळवणारा, पडत्या भावात चोरीचा माल घेणारा प्रतिष्ठित गृहस्थ, हे सारे मजेत राहतात. चोर सोडून संन्याशाला फाशी! आपली चोरी दुसऱ्याच्या नावावर जाते हे ज्याला कळले, त्याला कसली जरब? म्हणजे जरबेच्याच दृष्टीने पाहिले तरी, नाव पाहून धरण्याची ही रीत उलटी पडते.

तडीपारीचेही असेच. आपल्या राज्यात १९५१ सालच्या पोलीस कायद्याने दोन वर्षांपर्यंत माणसाला जिल्ह्याबाहेर काढता येते. गुंड गावातल्या साक्षीदारांना धमकावतो, कोणी तोंड उघडत नाही, तेव्हा या उपायाची गरज पडते हे मान्य. पण हा उपाय म्हणजे औषध नव्हे. अमरावतीतून काढलेला माणूस जिथे जाईल तिथे त्याला ना ओळख, ना घर, ना काम. जो काम करून खात नव्हता तो परक्या गावी काय करून खाईल? आपल्या अंगणातला काटा शेजाऱ्याच्या अंगणात टाकला, एवढेच त्यातून होते. आणि शेजारीही तेच करतो.

मग करावे काय? माझ्या मते, या साऱ्या प्रश्नाची किल्ली एका गोष्टीत आहे. शिक्षेला शेवट हवा. न्यायाधीशाने दोन वर्षे म्हटले तर ती दोन वर्षांनी संपली पाहिजे. आज तसे होत नाही. तुरुंगातली शिक्षा संपते त्या दिवशी गावातली शिक्षा सुरू होते, आणि तिला मुदत नसते. सोयरीक जुळत नाही, खोली भाड्याने मिळत नाही, रोजगार हमीच्या कामावरसुद्धा शेजारी उभे राहायला कचरतात. त्याच्या पोराला शाळेत पोरे चिडवतात. न्यायाधीशाने जी शिक्षा दिली नाही ती आपण देतो, आणि तीही त्या पोराला, ज्याने काही केलेले नाही.

आपल्या जुन्या लोकांना ही गोष्ट कळत होती. मराठेशाहीतल्या न्यायाच्या कागदांत पाहावे. दोषी ठरलेल्याने राजदंड भरायचा, प्रायश्चित्त घ्यायचे. आणि ते झाले की गोताने त्याला पंक्तीला घेऊन पंक्तिपावन करायचे. तसे पत्रही करून देत. त्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते. जातीचा जुलूम होता, बहिष्काराचे हत्यार गरिबावर आणि बायकांवर वाटेल तसे चाले. ती व्यवस्था परत आणावी असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण तिच्यात एक शहाणपण होते. दंड संपल्याचे चारचौघांत जाहीर होत असे, आणि ते जाहीर करण्याची जबाबदारी गावावर असे. आजच्या कायद्यात माणूस तुरुंगात जातो तेव्हा वर्तमानपत्रात नाव येते, फोटो येतो. तो शिक्षा भोगून मोकळा झाला, हे मात्र कोठेच छापून येत नाही.

वाल्या कोळ्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेत आपण नेहमी नामाचा महिमा पाहतो, आणि तो पाहावाच. पण एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. वाल्याचा वाल्मीकी झाल्यावर त्याला पुन्हा कोणी वाल्या म्हटले नाही. त्याला नवे नाव मिळाले आणि जगाने ते मान्य केले. ऋषींनी त्याच्या आश्रमात येताना "हा मागे वाटमारी करायचा" असे एकमेकांच्या कानात सांगितले असते, तर त्याच्या तपाचे पुढे काय झाले असते? पालटण्याचे अर्धे काम त्याने केले. उरलेले जगाने केले. आपण हे दुसरे अर्धे विसरतो, आणि मग म्हणतो की आजकाल वाल्मीकी होत नाहीत.

विश्वास ठेवून पाहिल्याची उदाहरणे आपल्या महाराष्ट्रात आहेत. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ साली स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मोकळी वसाहत सुरू झाली. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या, गांधीजींच्या विचारांच्या गृहस्थाची; तिला पाठबळ औंधच्या राजेसाहेबांचे. भिंत नाही, कुलूप नाही. कैद्यांनी माळरान फोडायचे, शेती करायची आणि कुटुंबासह राहायचे. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा बोलपट याच प्रयोगावरून सुचलेला. आपल्याच जिल्ह्यात मोर्शीलाही खुले कारागृह आहे. अशा ठिकाणी जो माणूस राहतो तो पळून जाऊ शकत असतो, आणि पळत नाही. रोज सकाळी तो आपण होऊन थांबतो. ज्याने आयुष्यात कधी कोणाचा भरवसा मिळवला नाही, त्याला भरवशाला उतरण्याची सवय तेथे लागते. ही सवय दगडी भिंतीआड लागत नाही.

आणि दुसरे उदाहरण नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चवाळ्याचे. मतीन भोसले हे स्वतः फासेपारधी समाजातले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. नोकरी सोडून त्यांनी २०१२ साली पारध्यांच्या मुलांसाठी शाळा उघडली. सिग्नलवर, फलाटावर भीक मागणारी पोरे गोळा करून आणली. शाळेचे नावच ठेवले 'प्रश्नचिन्ह'. काही वर्षांत तेथे चारशेंहून अधिक मुले राहू-शिकू लागली. २०१९ साली समृद्धी महामार्गासाठी त्या शाळेच्या जागेचा काही भाग गेला, तरी काम थांबले नाही. हे उदाहरण मुद्दाम अशासाठी देतो, की वारंवार होणारा गुन्हा हा पहिल्या गुन्ह्याच्या फार आधी सुरू होतो. ज्या पोराला शाळेच्या रजिस्टरात नाव मिळाले, त्याला पोलिसाच्या रजिस्टरात नाव मिळण्याचा संभव कमी. शाळेतले पोरगे ही गावाची खरी राखण.

आता सर्वांत अवघड प्रश्न. संधी दिली, काम दिले, भरवसा ठेवला, तरी पुन्हा चोरी केली. पुन्हा कोणाच्या अंगावर हात टाकला. त्याचे काय? त्याला आवरलेच पाहिजे. अशी माणसे असतात, नाहीत असे म्हणणे म्हणजे डोळे मिटून घेणे. जो दुसऱ्याच्या जिवावर उठतो त्याला बंदीत ठेवणे हे समाजाचे कर्तव्य आहे, आणि गरज पडल्यास दीर्घ काळ ठेवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत याची एक पायरी दिसते. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल, आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा. आणि दुसऱ्यांदा शिक्षा होण्याची वेळ आली, तर किमान एक वर्ष व कमाल पाच वर्षे सक्तमजुरी. पहिल्याला सावरण्याची संधी आणि दुसऱ्याला वाढता दंड, ही मांडणी मला योग्य वाटते. पण दोन मर्यादा पाळल्या पाहिजेत. दंड त्याने जे केले त्याच्या मापाने वाढावा. त्याचा बाप कोण, बेडा कोणता, यादीत नाव आहे की नाही, याने वाढू नये. आणि तो कितीही वाढला तरी त्याला शेवट असावा. तिसऱ्यांदा सुटलेला माणूससुद्धा सुटलेलाच असतो.

शिवाय आरोप म्हणजे शिक्षा नव्हे, हेही आपण विसरतो. २०२२ सालच्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी तिघे असे होते, की ज्यांचा खटला अजून संपलेला नव्हता. "तो जेलात जाऊन आला" एवढे ऐकून आपण माणसाला चोर ठरवतो. तो निर्दोष सुटला की शिक्षा भोगून आला, याची चौकशीही करत नाही.

आणि ज्याची मोटर गेली त्याचे काय? त्यालाही विसरून चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कैद्यांच्या मजुरीविषयी निकाल देताना सांगितले, की कैद्याला कामाचा योग्य मोबदला द्यावा, आणि त्यातला काही भाग गुन्ह्याने ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासाठी काढून ठेवावा. यात मोठा विचार आहे. चोर नुसता चार वर्षे बसून राहिला तर कास्तकाराच्या पदरात काय पडले? काही नाही. पण त्याने घाम गाळला आणि त्या घामाचे चार पैसे ज्याचे नुकसान केले त्याच्या घरी गेले, तर दोघांचेही काहीतरी भले झाले. घेणाऱ्याला भरपाई मिळाली, देणाऱ्याला फेडल्याचे समाधान. नुसत्या भोगण्याने माणूस निगरगट्ट होतो. फेडण्याने त्याची मान वर होते. पश्चात्ताप म्हणजे रडणे नव्हे. मोडले ते जोडायला लागणे म्हणजे पश्चात्ताप.

शेवटी एवढेच सांगायचे. सरकारने करायचे ते सरकार करील, न करील. त्यासाठी आपण मागणी करीत राहावे. पण काही गोष्टी गावाच्याच हातच्या आहेत. सुटून आलेल्याला पहिल्या महिन्यातच काम द्यावे, कारण तो पहिला महिनाच धोक्याचा असतो. त्या महिन्यात जुने सोबती त्याला शोधत येतात, आणि भल्या माणसांपैकी कोणी येत नाही. काम देताना हिशेब चोख ठेवावा, भोळेपणा करू नये; पण काम द्यावे. त्याच्या पोरांचे नाव शाळेत घालावे, दाखला काढायला चार चौघांनी सोबत जावे. गावात चोरी झाली तर पुरावा पाहावा, नाव पाहू नये. आणि निर्दोषाला नेत असतील तर "हा रात्री गावातच होता, मी पाहिला" असे सांगायला ठाण्यापर्यंत जाण्याची हिंमत ठेवावी. चोरीचा माल स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. स्वस्त मोटर घेणारा हात चोराच्या हाताचाच भाऊ आहे.

पुढच्या वेळी पारावर कोणी म्हणेल, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही." तेव्हा त्याला शांतपणे विचारावे, "भाऊ, खरं हाये. पण तो सुटून आल्यावर आपण त्याले काम देलतं का?" उत्तर 'होय' असेल, तर मग त्या माणसाला दोष द्यायला आपल्याला तोंड आहे. 'नाही' असेल, तर दोषाची वाटणी करताना आपला हिस्सा आधी बाजूला काढावा.